दारफाळणीची तार

आमचं साताऱ्याचं घर दोन खोल्यांचं होतं आणि त्याला बाहेर जायला एकच दार होतं. ते दार दिवसा उघडंच असायचं. बाबा सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे ते घरी असले की कुणी ना कुणी उंबऱ्याशी आलेलं असायचं. कुणाचं मूल तापलेलं, कुणाच्या पायात काटा मोडलेला, कुणी नुसतीच रिकामी बाटली घेऊन उभं. आई चुलीपुढून न उठता विचारायची, "बाटली उकळून आणलीय का?" आणि आलेली बाई हमखास म्हणायची, "व्हय की, धुतलीया चांगली." वर्षातून फक्त एक दिवस ते दार आतून कडी घालून बंद व्हायचं. त्या दिवसाबद्दल मी आजवर लिहिलं नाही. माझ्या कॉलेजाबद्दल लिहिलं, मुलींच्या शाळेत केलेल्या नोकरीबद्दल लिहिलं, हे मात्र राहून गेलं. राहून गेलं असं म्हणते, पण खरं तर मी ते ठेवून दिलं होतं.

आम्ही बेने इस्राएल. धर्मानं यहुदी, भाषेनं मराठी, आणि मूळ गाव कोकणातलं, जे मी अजून पाहिलेलं नाही. आजोबा पलटणीत होते. बाबा दवाखान्याच्या नोकरीत फिरत फिरत साताऱ्याला आले आणि तिथेच राहिले. साताऱ्यात तेव्हा आमच्या लोकांची तीन घरं होती. आम्ही नेमके कोण, हे शेजाऱ्यांना कधी पुरतं कळलं नाही. समोर एक पेन्शनर सुभेदार राहायचे. पहिल्या लढाईत बसऱ्यापर्यंत जाऊन आलेले आणि डाव्या हाताची दोन बोटं तिकडेच ठेवून आलेले. आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा त्यांनी बाबांना सरळच विचारलं होतं, "कंपौंडरसाब, तुमी किरिस्ताव का मुसलमान?"

"दोन्ही नाही. इस्राएल."

सुभेदारांनी जरा विचार केला. "डुक्कर खाता?"

"नाही."

"गाय?"

"नाही."

"मंग आमच्यातलंच की वो! उगं येगळं नाव कशापायी?"

ही गोष्ट आई पुढे कित्येक वर्षं पाहुण्यांना सांगायची आणि सांगताना पदर तोंडाला लावून हसायची. मी आता सांगतेय त्या वर्षानंतर मात्र तिनं ती सांगितली नाही.

आमच्यात सामुदायिक प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. साताऱ्यात दहा कधीच जमले नाहीत. तोराची, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाची, हातानं लिहिलेली गुंडाळी पुण्याच्या मशिदीत होती. आमच्या प्रार्थनाघराला आम्ही मशीदच म्हणत असू. आमच्या घरी होती ती छापील पुस्तकं, एक हिब्रू आणि एक मराठी भाषांतराचं, ज्याचा पुठ्ठा आजोबांच्या वेळेपासून सुटलेला होता आणि आईनं तो जाड दोऱ्यानं शिवून घेतला होता. दर आठवड्याला तोराचा एक भाग वाचायचा असतो, त्याला पराशा म्हणतात. शनिवारी सकाळी बाबा अंघोळ करून, टोपी घालून, खिडकीखालच्या पाटावर बसायचे आणि ओळीखाली बोट सरकवत हिब्रू वाचायचे. त्यांना वाचता यायचं, अर्थ लागायचा नाही. मग ते पुस्तक मिटून म्हणायचे, "हं, आता आपल्या भाषेत." आणि माझा मोठा भाऊ हनोक तोच भाग मराठीत वाचायचा. आई तांदूळ निवडत ऐकायची. मी ऐकल्यासारखं करायची आणि हनोक कुठे अडखळतो याची वाट बघायची.

हनोक माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. मॅट्रिक होऊन तो सांगलीला कॉलेजात गेला तेव्हा आमच्या घराण्यातलं कुणी पहिल्यांदाच कॉलेजाची पायरी चढलं होतं. बाबांचं इंग्रजी औषधांच्या बाटल्यांवरच्या अक्षरांपुरतं होतं. मुलगा बी. ए. होणार ही गोष्ट ते दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, पोटात मुरडा येणाऱ्या माणसालासुद्धा. सांगलीच्या गावभागात एका विधवा काकूंच्या घरी त्यानं मागची खोली घेतली होती. त्या वर्षी गांधीजींच्या खुनानंतर झालेल्या जाळपोळीत काकूंच्या पुढच्या खोल्या गेल्या होत्या. काळवंडलेल्या भिंती तशाच उभ्या होत्या आणि मागच्या दोन खोल्यांत त्या स्वतः आणि आमचा हनोक. "एका घरात एक बामणाची बाई आणि एक इस्राएल, आणि पुढे जळकी पडवी," असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. त्याला असं लिहायची सवय होती.

आमची वर्षअखेर आणि नवं वर्ष पावसाळा ओसरला की यायचं. पहिला नव्याचा सण, दहाव्या दिवशी दारफाळणी, म्हणजे दार लावून बसायचा उपास, आणि तिच्या दुसऱ्या दिवशी शिळा सण. नव्याच्या सणाला आई चिकाचा हलवा करायची. तीन दिवस गहू भिजवायचे, वाटायचे, चीक काढायचा, आणि नारळाच्या दुधात तो घोटत बसायचं. घोटताना पातेल्यातून जो जाड, दमलेला बुडबुड असा आवाज यायचा तो माझ्यासाठी सणाचा आवाज. त्या वर्षी साखर कंट्रोलची होती, म्हणून निम्मा हलवा गुळाचा झाला आणि काळसर दिसायला लागला. आई म्हणाली, "यंदाचं वर्ष काळं निघालं." मग स्वतःच जीभ चावली.

हे सण कुठल्या दिवशी, ते आम्हाला मुंबईहून येणाऱ्या आमच्या पंचांगावरून कळायचं. छोटं, पातळ, फिक्या निळ्या कव्हराचं. माझा आतेभाऊ ते दरवर्षी श्रावणात पाठवायचा. त्या वर्षी आमच्या लोकांचा नवा देश झाला होता, मुंबईत घराघरात तिकडे जायचं बोलणं चाललं होतं, आणि आतेभाऊ त्या गडबडीत होता. पंचांग आलं नाही. बाबांनी दोन पत्रं टाकली. भाद्रपद संपत आला तेव्हा ते सुभेदारांकडे गेले आणि त्यांचं पंचांग मागून आणलं. बाबांचा अनुभव असा, की सर्वपित्री अमावास्या झाली की दुसऱ्या दिवशी आमचा सण. अमावास्या शनिवारी होती. बाबांनी बोटं मोजली आणि सांगितलं, "रविवारी नव्याचा सण. दारफाळणी मंगळवारी, दसऱ्यालाच."

आमच्या गणितात वर्षाचा पहिला दिवस रविवारी कधीच येत नाही. तो आला तर एक दिवस पुढे ढकलतात. हा नियम बाबांना माहीत नव्हता. साताऱ्यातल्या उरलेल्या दोन घरांनाही माहीत नव्हता, ती तर बाबांना विचारूनच सण करायची. मला स्वतःला तो फार उशिरा, केस पांढरे झाल्यावर एका पुस्तकात सापडला.

नव्याच्या सणाला हनोक आला नाही. पत्र आलं. थोडी कणकण आहे, प्रवास नको वाटतो, दारफाळणीला इथेच उपास धरीन. खाली एक ओळ होती: शनिवारची पराशा मिरूला वाचायला सांगा, तिचं वाचन माझ्यापेक्षा स्वच्छ आहे. मिरू म्हणजे मी, मिरियम. बाबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि माझ्याकडे पाहिलं. आमच्या घरात मुलीनं पराशा वाचलेली नव्हती; हनोक सांगलीला असला की बाबा मराठी वाचन सोडूनच द्यायचे. मी तेव्हा सोळा वर्षांची, मॅट्रिकच्या वर्गात. शनिवारी त्यांनी हिब्रू संपवलं, पुस्तक मिटलं, आणि खिडकीकडे बघत म्हणाले, "हं, मिरू. आता आपल्या भाषेत."

नवं वर्ष आणि दारफाळणी यांच्यामधला तो शनिवार. त्या वर्षी 'वय्येलेख' ही पराशा होती. छोटीच आहे. आमच्या लोकांना गुलामीतून सोडवून आणणारा मोशे एकशे वीस वर्षांचा झालाय आणि लोकांना सांगतोय की आता माझ्यानं येणंजाणं होत नाही, यार्देन नदीपलीकडे, देवानं कबूल केलेल्या देशात, मला जाता येणार नाही, तुम्हाला यहोशवा नेईल. यहोशवाला तो म्हणतो, हिंमत धर. दरवर्षी इथे बाबा हनोकला थांबवून म्हणायचे, "हे यहोशवाला सांगितलंय म्हणजे तुलाच सांगितलंय." त्या शनिवारी ते काही म्हणाले नाहीत. मी मात्र वाट पाहिली, मला म्हणतील म्हणून. मग पुढे देव मोशेला सांगतो की हे लोक मला सोडतील आणि मग मी यांच्यापासून आपलं तोंड लपवीन. मी ते वाचलं आणि आईनं तांदळातून हात काढला.

"तोंड लपवीन म्हणजे काय हो?" ती बाबांना म्हणाली. "पोरानं कितीही खोड्या केल्या तरी आईनं तोंड लपवलेलं मी नाही बघितलं."

"लपवतो म्हणजे निघून जात नाही," बाबा म्हणाले. "तिथेच असतो. दिसत नाही इतकंच."

"आणि हाक मारली तर?"

"ऐकू येते त्याला."

"ऐकू येते आणि ओ देत नाही?"

बाबांनी टोपी नीट केली. "वाच गं मिरू पुढे," ते म्हणाले. मी वाचलं. एकदाही अडखळले नाही. शेवटी बाबा म्हणाले, "हनोक बरोबर म्हणत होता." त्या चार शब्दांनी मला इतकं मोठं केलं की पुढचे तीन दिवस मी त्या घरातली सर्वांत धार्मिक व्यक्ती होते. चुलीपुढेसुद्धा डोकं झाकून बसायची.

सोमवारी संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत, आम्ही आधी गरम आणि मग गार पाण्यानं अंघोळ केली, पांढरे कपडे घातले आणि जेवलो. नारळाच्या रसातली कोंबडी आणि भात. आईनं बुधवारच्या शिळ्या सणासाठी पुऱ्या करून टोपलीत झाकून ठेवल्या. मग बाबांनी दार लावलं आणि कडी घातली. आमच्यात समजूत अशी, की दारफाळणीला घरातली गेलेली माणसं येऊन बसतात आणि शिळ्या सणाला परत जातात. त्या दिवशी घराबाहेर पडायचं नाही, बाहेरच्या माणसाला शिवायचं नाही, अन्नपाणी नाही, विस्तव नाही, काम नाही. आजोबांपासून हे असंच होतं. आमच्या सणांची नावं शेजाऱ्यांना सांगता आली नसती, पण आमचं दार बंद असतं हे गल्लीतल्या पोराटोरांनाही माहीत होतं.

मंगळवारी सकाळपासून बाहेर दसरा चालू झाला. म्हशींच्या गळ्यातल्या घंटा, पोरांचे पाय, लांब राजवाड्याच्या बाजूला हलगी. गल्लीतली पोरं आपट्याची पानं आमच्या उंबऱ्यावर ठेवून, कडी एकदा वाजवून पळून जात होती. ते दरवर्षीचंच होतं, आतून आम्ही हसायचो. बाबा उभे राहून प्रार्थना म्हणत होते. उन्हाचा पट्टा दाराखालच्या फटीतून आत आला होता. दहाचा सुमार असेल. कडी वाजली आणि पळणाऱ्या पायांचा आवाज आला नाही.

"कंपौंडरसाब!" सुभेदारांचा आवाज. "आवं, तार आलीया तुमची!"

बाबा थांबले. आईनं माझ्याकडे पाहिलं.

"शिपाई बोंबलत हुता, म्या सही करून घेतली. दार उघडा!"

मी दाराच्या सगळ्यांत जवळ होते. उठले आणि कडीवर हात ठेवला. बाबांनी नुसता हात वर केला, पंजा आडवा, आणि मी थांबले.

"मला ठावं हाय आज तुमचं दार बंद असतंय," बाहेरून सुभेदार म्हणाले. "पर तार हाय, तार! पलटणीत तार आली म्हंजी आमी जेवतं ताट सोडून उठायचो. मला इंग्रजी येत न्हाई, न्हाईतर हितनंच वाचून दावली असती. आवं वैनी, तुमी तरी सांगा की वो!"

आई म्हणाली, "अहो."

बाबांनी मान हलवली.

"लय कडक देव बाबा तुमचा," सुभेदार स्वतःशीच म्हणाले. मग खाली वाकल्याचा आवाज, त्यांचा गुडघा मोडायचा तसा मोडला, आणि दाराखालच्या फटीतून लिफाफा आत आला. निम्मा आला आणि अडकला. मग त्यांनी तो काठीच्या टोकानं ढकलला. लिफाफा उन्हाच्या पट्ट्यात येऊन पडला. काठी टेकत ते निघून गेले.

"हनोकची असली तर?" आई म्हणाली.

"हनोक आज उपाशी बसलाय," बाबा म्हणाले. "आपलं माणूस आज तार करील का? तुझ्या भावानं काल टाकली असणार, सणाची. दरवर्षी करतोच की तो. दिवस मावळला की बघू. तोपर्यंत कुणी हात लावायचा नाही." लिफाफा फाडणं हे काम, आणि काम करायचं नाही. त्यांनी पुस्तक उचललं आणि जिथे थांबले होते तिथून सुरू केलं.

तो दिवस मला अजून तुकड्यातुकड्यांनी आठवतो. उन्हाचा पट्टा लिफाफ्यावरून सरकत भिंतीकडे गेला. एक मुंगळा त्याच्यावर चढला, कडेपर्यंत गेला, परतला. बाबांची येरझार त्याच्यापासून हातभर अंतरावर येऊन वळत होती. आई भिंतीला टेकून डोळे मिटून होती, पण तिची बोटं पदराच्या काठाला पीळ घालत होती. आणि मी विचार करत होते. बाबांचं म्हणणं खरं होतं, आपलं माणूस आज तार करणार नाही. पण मग ती उपास न करणाऱ्या माणसाची असेल. हनोकच्या शेजारी राहणाऱ्या माणसाची असेल, आणि जो स्वतः पत्र लिहितो त्याच्यासाठी दुसरं कुणी तार केव्हा करतं? हे मला दुपारच्या आत कळलं होतं. स्पष्ट कळलं होतं, गणित सुटावं तसं. मी बोलले नाही. तीन दिवसांपूर्वी मी पराशा वाचली होती, बाबा हनोक बरोबर म्हणत होता असं म्हणाले होते, आणि मला त्या दिवशी कडीवरून हात काढून घेणारी शहाणी मुलगी राहायचं होतं. बाबांना निदान माहीत नव्हतं. मला माहीत होतं.

दिवेलागणीला बाबा खिडकीशी उभे राहिले. तीन तारे दिसले की उपास सुटतो. तिसरा तारा फार वेळ दिसेना. मग ते म्हणाले, "मिरू, फोड."

इंग्रजी तीन-चार शब्द होते. हनोक अत्यवस्थ. ताबडतोब निघा. पाठवणाऱ्याच्या जागी काकूंचं आडनाव.

बाबांनी कडी काढली आणि तसेच अनवाणी, पांढऱ्या कपड्यांत रस्ता ओलांडून सुभेदारांच्या ओट्यावर गेले. "सांगलीची गाडी," ते म्हणाले.

"सातारा रोड ठेसनावरनं दुपारचीच गेली की वो. आता उद्या दुपारी." सुभेदार उठून उभे राहिले. "सकाळी हाका मारत हुतो न्हवं मी? काय हाय तारंत?" मग त्यांनी बाबांचं तोंड पाहिलं, आणि तीन बोटांच्या हातानं त्यांचं मनगट धरलं.

बुधवारी आम्ही निघालो. मोटारीनं सातारा रोड, तिथून गाडी. आईनं पुऱ्यांची टोपली बरोबर घेतली होती, आजाऱ्याच्या घरी चूल कशाला पेटवायला लावायची म्हणून. कराड गेल्यावर तिनं बाबांना बळंच दोन पुऱ्या आणि काळ्या हलव्याचा तुकडा दिला. बाबांनी तो खिडकीबाहेर बघत खाल्ला. शेतात ऊस उभा होता. मीही खाल्लं. मला भूक लागली होती, हे मला आजही विसरता येत नाही.

सांगलीला पोचलो तेव्हा दिवे लागत होते. जळक्या पडवीतून आत गेलो. काकू दारातच बसल्या होत्या, त्या उठल्या आणि त्यांनी आईचे दोन्ही हात धरले, तेव्हा आम्हाला कळलं. मुदतीचा ताप होता. हनोकनं आम्हाला कळवू दिलं नव्हतं, बाबांची रजा फुकट जाईल म्हणून. "काल या वेळेला शुद्धीवर होता हो," काकू म्हणाल्या. "पडल्या पडल्या विचारत होता, साताऱ्याची गाडी आली का? मी म्हटलं, आली असेल, येतील आता स्टेशनवरून. टांग्याचा आवाज झाला की मान उचलायचा. पहाटे गेला." आणि मग, त्यांच्या मनात काही नव्हतं, नुसतं आपलं रडता रडता म्हणाल्या, "कालच्या गाडीनं आला असतात तर."

बाबांनी हनोकला स्वतः अंघोळ घातली. दवाखान्यात परक्या माणसांच्या जखमा ज्या हातांनी धुवायचे त्याच हातांनी, तितक्याच बेतानं, कोपरापासून खाली, बोटांच्या मधे. मी पाणी ओतत होते. त्यांनी मला फक्त एकदा सांगितलं, "सावकाश." सांगलीत आमचं दफनस्थान नव्हतं. गुरुवारी सकाळी ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीच्या कुंपणाला लागून जागा मिळाली. मेलेल्यासाठी जी प्रार्थना म्हणायची तिला दहा पुरुष लागतात. बाबा, हनोकच्या वर्गातली चार हिंदू मुलं आणि खड्डा खणणारे दोघे. बाबांनी ती म्हटली नाही. मातीच्या ढिगाकडे बघत उभे राहिले आणि त्यांनी फक्त त्याचं नाव घेतलं, बापाच्या नावासकट, जसं तोरा वाचायला बोलावताना घेतात तसं.

आम्ही परत आलो त्याच्या दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बाबा दवाखान्यात गेले असताना पोस्टमन आला. फिक्या निळ्या कव्हराचं पंचांग. पाकिटावर दोन चुकीच्या गावांचे शिक्के होते. मी उंबऱ्यावर उभी राहूनच उघडलं. दारफाळणी, बुधवार. मी पुन्हा वाचलं. मग नव्याचा सण बघितला: सोमवार. पुढची, मागची पानं बघितली. मंगळवारी काही नव्हतं. ज्या दिवशी आम्ही दार लावून बसलो तो साधा मंगळवार होता, आणि ज्या दिवशी गाडीत पुऱ्या खाल्ल्या तो दारफाळणीचा दिवस होता. आई आत होती. मी पंचांग माझ्या ट्रंकेत, तळाच्या कागदाखाली ठेवलं.

शनिवारी बाबा टोपी घालून खिडकीखाली बसले. पुस्तक उघडलं, बोट ओळीवर ठेवलं, आणि वाचलं नाही. पुढची पराशा मोशेच्या शेवटच्या गाण्याची आहे. शेवटी देव त्याला डोंगरावर चढायला सांगतो. तिथून समोरचा देश दिसेल, म्हणतो, पण तू तिथे जाणार नाहीस. बाबांनी बोट उचललं.

"मिरू, मुंबईचं पंचांग आलं का गं?"

आई तांदूळ निवडत नव्हती. नुसती बसली होती.

"नाही आलं, बाबा," मी म्हटलं.

"येऊ दे सावकाश," बाबा म्हणाले.

पंधरा दिवसांनी पुण्याहून मामाचं सांत्वनाचं पत्र आलं. मामा सविस्तर लिहिणारा माणूस, मशिदीत कोण आलं, कुठल्या दिवशी काय झालं, सगळं लिहायचा. घरातली पत्रं बाबा नेहमी मोठ्यानं वाचून दाखवायचे. ते पत्र त्यांनी दारात उभं राहून मनात वाचलं, घडी घातली आणि कोटाच्या खिशात ठेवलं. आम्हाला ते कधी दिसलं नाही. त्या कोटात ते अजून असेल असं मला कितीतरी वर्षं वाटायचं.

पुढच्या जूनमध्ये बाबांनी मला सांगलीला कॉलेजात घातलं. तिन्ही घरांतली माणसं म्हणाली, मुलीला कशाला. बाबा म्हणाले, "पुस्तकं तयार आहेत." हनोकची पुस्तकं होती ती, समासात त्याच्या पेन्सिलीच्या खुणा. काकूंनीच मला ठेवून घेतलं, त्याच खोलीत, आणि चार वर्षं माझ्याकडून सख्ख्या मुलीइतकंच काम करून घेतलं आणि तितकंच खाऊ घातलं. मी बी. ए. झाले. आमच्या घराण्यातली पहिली. या शब्दांचा मला अभिमान वाटायला हवा आणि वाटतोही. त्या माणसांचे उपकार मी मोजू शकत नाही. पण ते शब्द लिहिताना दरवेळी मला वाटतं की मी दुसऱ्याच्या जागी सही करते आहे.

आणि त्याच वर्षीची, हनोकनंतरची पहिली दारफाळणी. मी त्यासाठी सांगलीहून आले होते. आता नवं पंचांग वेळेवर आलं होतं, बाबांनी ते दोनदा पडताळून पाहिलं होतं. दसरा आदल्या दिवशी होऊन गेला होता. आम्ही अंघोळी केल्या, पांढरे कपडे घातले, जेवलो. सूर्य कलला तशी मी दार लावायला उठले.

"राहू दे," बाबा म्हणाले.

रात्रभर ते दार उघडं राहिलं. सकाळी बाबांनी पाट खिडकीखालून उचलून दाराशी आणला आणि रस्त्याकडे तोंड करून प्रार्थनेला बसले. जाणारीयेणारी माणसं बघायची, पुढे जायची. दहाच्या सुमाराला सुभेदार आपल्या ओट्यावरून उठले, रस्त्याच्या मध्यापर्यंत आले आणि थांबले.

"आज दार उघडं कसं?" ते म्हणाले. "सण इसरला का काय?"

"नाही."

"मंग शिवू नको म्हनायचं, आत येऊ नको म्हनायचं, आन दार उघडं?"

"शिवू नका. बसा."

सुभेदार उंबऱ्याच्या बाहेरच्या बाजूला, पायरीवर बसले. खिशातून आपट्याचं पान काढलं, बाबांच्या हातात देता येईना म्हणून उंबऱ्यावर ठेवलं आणि काठी मांडीवर आडवी घेतली. दुपारी सुभेदार घरी जेवायला गेले आणि परत येऊन तिथेच बसले. आई आत भिंतीला टेकून होती. माझी ट्रंक तिच्या मागेच होती, आणि तिच्या तळाला ते निळं कव्हर.

ते अजून माझ्याकडे आहे. मी बाबांना कधी सांगितलं नाही आणि त्यांनी कधी विचारलं नाही. त्यांना कळलं होतं का, हे मला माहीत नाही. मामाच्या पत्रात काय होतं तेही माहीत नाही. 'वय्येलेख' येते तेव्हा मी ती मोठ्यानं वाचते, आता ऐकायला कुणी नसतं तरी, आणि आईचा तो प्रश्न आला की थांबते. ऐकू येते आणि ओ देत नाही? बाबांनी त्याचं उत्तर दिलं नव्हतं.

त्या उघड्या दाराच्या दिवशी, संध्याकाळी, सुभेदार उठून गेले. आभाळात दोन तारे होते. तिसऱ्याची वाट बघत बाबा तसेच पाटावर बसले होते. मग मागे न वळता म्हणाले, "मिरू, उंबऱ्यावर काही आलंय का बघ."

मी जाऊन बघितलं. खाली वाकून, उंबऱ्याच्या कडेपर्यंत हात फिरवून बघितलं. सकाळचं आपट्याचं पान होतं तेवढंच, कोमेजलेलं.

"काही नाही, बाबा," मी म्हटलं. या वेळी ते खरं होतं.